श्रीपतीच्या वयातली तीन वर्षं

मंगळवार, ९ डिसेंबर. तुंगार्ली. संध्याकाळ.

ओमानच्या पुलाचं काम आपल्या कंपनीला मिळालं. परदेशातलं पहिलंच. ऑफिसात पेढे वाटले, मी माझा तसाच खिशात ठेवला.

श्रीपती मुकादमाला आज सांगावं लागलं, की तुला नेता येत नाही. तिथे साठीच्या आतलीच माणसं चालतात, आणि कागदावर हा एकसष्टचा. खरा अठ्ठावन्नचा. पंधराव्या वर्षी कान्ह्याहून आमच्याकडे कामाला आला, तेव्हा अठरा पूर्ण असल्याशिवाय घेता येत नव्हतं. फॉर्म मीच भरला, तीन वर्षं मीच वाढवली. शाळेचा दाखला त्याच्याकडे नव्हताच. पुढे आधार, पासपोर्ट, सगळं त्या एका फॉर्मवरून.

आज तो नवे बूट घालून आला होता. जन्मभर चपलेवर साइट सांभाळणारा माणूस! ओमानच्या साइटवर बूट लागतात म्हणून आठवडाभर सवय करतोय. टाचेला हे मोठे फोड.

मी म्हटलं, "श्रीपती, चूक माझी आहे रे."

"न्हाई भाऊ. त्या दिशी तुमी तसं लिवलं नसतं, तर मला काम कुनी दिलं असतं?"

चिडला असता तर बरं झालं असतं. दोन शब्द ऐकवले असते, तरी चाललं असतं.

बूट दारातच ठेवून अनवाणी निघाला. मी हाक मारली, तर वळून म्हणाला, "र्‍हाऊ द्या. माज्या जागी जो जाईल त्याला द्या. आता न्हाईत चावायचे."