पाणवठा भरलाय, मेधा

प्रिय मेधा,

इरा तुझ्या मचाणावर बसली आहे आणि मी खाली, शेजारच्या शेतातल्या रॉयच्या कुंपणाशी लावलेल्या गाडीत. रेडिओ लावू नकोस, दार आपटू नकोस, मी मेसेज केल्याशिवाय जंगलात येऊ नकोस, अशा सूचना देऊन गेली. मग मी करू काय? कप्प्यात ऑफिसचं एक पॅड सापडलं, त्यावर तुला लिहायला घेतलं. अक्षराला हसू नकोस.

दुपार उतरायला लागली आहे. इथून मचाण दिसत नाही. ओकच्या झाडांची रांग दिसते, आणि तिच्यामागे कुठेतरी आपली मुलगी उंचावर एकटी बसलेली, हातात तुझं धनुष्य. एकोणीस वर्षांची आहे गं ती! तू असतीस तर तूच तिच्याबरोबर गेली असतीस आणि मी तिकडे नोव्हाय गावात, आपल्या घरी टीव्हीसमोर बसून काळजी केली असती. ते मला जमत होतं. हे जमत नाहीये.

हे सगळं तूच सुरू केलंस, हे आधी लिहून टाकतो. त्या संध्याकाळी ऑफिसमधून येताना तुझ्या गाडीसमोर हरीण आलं. गाडीचं नाक चेपलं, तुला खरचटलंही नाही, पण हरीण रस्त्याच्या कडेला मागचे पाय मोडून पडलं होतं. पोलिसाने येऊन एका गोळीत ते संपवेपर्यंत तू त्याच्याजवळ उभी राहिलीस. घरी आलीस तेव्हा कोट न काढता जिन्यावर बसलीस. म्हणालीस, "सुहास, ते माझ्याकडे बघत होतं सारखं. आणि मला काहीच येत नव्हतं."

मला वाटलं, चार दिवसांत विसरशील. तू तुझ्या टीममधल्या लिंडाबरोबर शिकारीचा क्लास लावलास! नागपूरची, कोंबडीसुद्धा खाल्ली नव्हती जन्मात अशी बाई, लायसन्स घेऊन घरी आली. गणपतीत मंडळाच्या काकूंनी विचारलं, "मेधा दिसत नाही वीकेंडला?" मी म्हणालो, "तिला बागकामाची आवड आहे ना." तू मागेच उभी होतीस. "बागकाम नाही काकू, मी शिकार करते." काकूंच्या हातातला मोदक हातातच राहिला. घरी येताना तू गाडीत हसत होतीस आणि मी रागाने सिग्नल मोजत होतो.

मग ही जमीन घेतलीस. घरापासून तीन तास उत्तरेला, नुसती वाळू आणि झुडपं. ना ओढा, ना तळं. पहिल्याच उन्हाळ्यात तू पाहिलंस की पाण्यासाठी हरणं हायवे ओलांडून पलीकडच्या चरात जातात. परत कोणाच्या तरी गाडीखाली! मग तू खड्डे खणलेस. एक प्लॅस्टिकची टाकी ओकखाली पुरलीस, दुसरी रॉयने दिलेली गुरांची जुनी टाकी, चांगली कमरेइतकी खोल. दोन्हींत एकेक ओंडका तिरका टाकलास, एखादी खार किंवा पाखरू आत पडलं तर चढून बाहेर यावं म्हणून.

"आधी पाणी पाजायचं आणि मग मारायचं? हा कुठला न्याय?" मी विचारलं होतं.

"पाण्यावर मी मारत नाही," तू म्हणालीस. "मचाण कुठे आहे बघ ना येऊन एकदा."

मी आलो नाही. तूही फार आग्रह केला नाहीस. आपलं तसं ठरलेलंच होतं ना? तू शिकार करायची, मी बघायचं नाही. गॅरेजमधला फ्रीझर तुझा, तुझी भांडी वेगळी. इतक्या वर्षांत त्यावरून आपलं एकदाही मोठं भांडण झालं नाही. पण दर ऑक्टोबरला तू झाडावरून पडशील ही भीती मी मनात घेऊन बसायचो. आणि आजार आला तो कुठून, शरीराच्या कुठल्या कोपऱ्यातून! त्याची मी भीतीच धरली नव्हती. सगळी चुकीच्या ठिकाणी खर्च केली.

तू मार्चमध्ये गेलीस. जूनमध्ये इकडे पाऊसच नाही. एका सकाळी इरा चहा घेता घेता म्हणाली, "बाबा, मॉमच्या टाक्या ड्राय झाल्या असतील."

मी म्हणालो, रॉयला सांगू. ती म्हणाली, "रॉयची पाठ दुखते. आपण जाऊ."

गेलो. पहिल्यांदा तुझं मचाण पाहिलं. खरंच गं, तिथून पाणी दिसत नाही! रॉयने त्याच्या ट्रेलरवर पाण्याचं पिंप लादून दिलं आणि मला म्हणाला, "तुझी बायको वेडी होती. बाकी सगळे पाण्यावरच टपून बसतात." मग टोपी काढून उगाच झटकली आणि दुसरीकडे बघायला लागला. आम्ही दोन्ही टाक्या घासून भरल्या. खोल टाकीतला ओंडका कुजला होता, हात लावताच दोन तुकडे झाले. पुढच्या खेपेला नवा आणू म्हणून आलो. तू खोल टाकीसमोर झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यात इराने नवं सिम घातलं. समोर काही हललं की फोटो थेट आमच्या फोनवर.

मी मीटिंगमध्ये ते फोटो बघायला लागलो, सांगू का तुला! एक हरणी रोज यायची, डाव्या कानाला चीर असलेली. बरोबर ठिपक्यांचं पाडस, उशिरा जन्मलेलं असावं, अजून पायात पाय अडकायचे त्याचे. इरा तिच्या खोलीतून, मी ऑफिसातून, "पाहिलंस का?" असा मेसेज एकमेकांना करायचो. तू गेल्यापासून आम्ही दोघं जेवणाशिवाय कशावर बोलत नव्हतो.

आणि मग जुलैमधला तो रविवार. मी पोहे करत होतो. इरा जिन्यावरून ओरडत आली, "बाबा! ते टाकीत पडलंय!"

फोटोत टाकीच्या कडेवर हरणी वाकलेली, आणि आत फक्त दोन कान आणि नाक. उन्हाने पाणी अर्ध्यावर आलेलं, टाकीच्या भिंती शेवाळाने बुळबुळीत, आणि ओंडका नाही.

रॉयला फोन लावला, उचलेना. रविवार सकाळ, तो चर्चमध्ये, आणि फोन त्याच्या ट्रकमध्ये पडलेला असतो हे आम्हाला ठाऊक होतं. दुसरं कोण आहे तिकडे? गॅस बंद केला आणि निघालो.

तीन तास, मेधा! मी चालवतोय आणि इरा शेजारी फोन धरून. "डोकं वर आहे." थोड्या वेळाने, "अजून वर आहे." मग, "मदर गेली नाहीये, तिथेच आहे." मी वेग वाढवला की ओरडायची, "स्लो डाऊन! तूच एखादं उडवशील." आणि मग फोटो येणं थांबलं. समोर काही हललं की फोटो येतो. नाही आला तर काय समजायचं, ते आम्ही दोघांनीही तोंडाने म्हटलं नाही. इराने फोन मांडीवर उलटा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिला म्हणालो, रेंज गेली असेल. ती म्हणाली, "फुल रेंज आहे, बाबा."

तुला खरं सांगतो, त्या वेळी मला तुझा राग आला होता. इतकी कामं मागे ठेवून कोणी जातं का?

पोहोचलो तेव्हा पाडस जिवंत होतं. टाकीच्या कोपऱ्यात नाक तेवढं वर काढून, डोळे अर्धवट मिटलेले. हरणी जरा अंतरावर उभी होती. आम्हाला बघून तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला, मग परत आपटला, आणि नाकातून असा फुत्कार टाकला की माझे पाय तिथेच थांबले. मी कुत्र्याच्या डोक्यावरूनही कधी हात फिरवला नाही, तुला माहीत आहे. इरा हळूच म्हणाली, "बाबा, मी तिच्याकडे लक्ष ठेवते. तू काढ."

मी पोटावर पडलो आणि दोन्ही हात आत घातले. हाताला लागलं ते गार होतं, नुसती हाडं. आणि ते किंचाळलं! एवढ्याशा जीवातून एवढा आवाज येतो? अगदी लहान मूल रडावं तसा. मागून हरणी धावल्याचं ऐकू आलं, इराने गाडीतून आणलेली ताडपत्री फडफडवली, ओरडली. मी मागे वळून पाहिलं नाही. पाडसाचा खूर माझ्या ओठावर बसला, तोंडात रक्त आलं. छातीखाली हात घालून उचललं आणि त्याच्यासकट मागे कोसळलो.

ते गवतावर तसंच पडून राहिलं. आम्ही मागे मागे सरकत गाडीपर्यंत आलो, आत बसलो, काचा वर केल्या. हरणी आली. चाटत राहिली. किती वेळ कोण जाणे. इराची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मग ते उठलं, पडलं, परत उठलं आणि आईच्या पोटाखाली तोंड घालून ढुशा मारायला लागलं.

मला वाटलं इरा रडेल. ती म्हणाली, "या सीझनला मी मॉमचा बो-ॲरो घेऊन बसणार आहे."

मी ओठाला रुमाल लावून बसलो होतो. संतापलो. "आत्ता वाचवलंस ना? आणि त्यांनाच मारणार?"

"हिला नाही. पिल्लू असलेलीला नाही. पाण्यावर नाही. मॉमचे रूल्स मला पाठ आहेत."

"मला ते बघवणार नाही."

"तू दुकानातून पनीर आणतोस," ती म्हणाली, "ती गाय तू कधी पाहिलीयेस?" मग आवाज खाली आला. "आणि बाबा, तुला हरणाची भीती नाहीये. तुला मी पडेन याची भीती आहे. हो ना?"

ती तुझ्यासारखी बोलते, मेधा. अगदी तुझ्यासारखी.

त्यानंतर तीन महिने ती रॉयच्या अंगणात सराव करत आली. झाडाला बांधून घ्यायच्या तुझ्या हार्नेसचा प्रत्येक पट्टा मी स्वतः ओढून पाहिला. आज दोनदा पाहिला. दोन्ही टाक्यांत नवे ओंडके आहेत, पाणी काठोकाठ आहे. ते पाडस आता मोठं झालंय, ठिपके गेले. आईबरोबर अजून येतं.

थांब.

आत्ता ओकांच्या दिशेने काहीतरी पडल्याचा आवाज आला. जड. फांद्या मोडल्यासारखा.

दार उघडून बाहेर उभा राहून आलो. काही दिसत नाही. काही ऐकू येत नाही. बाण लागल्यावर अर्धा तास जागचं हलायचं नाही, जनावराचा जीव शांतपणे जाऊ द्यायचा, असं ती मला सांगून गेली आहे. पण आवाज जनावराचा होता की तिचा, हे मला कसं कळणार? तू लिंडाला काय सांगून जायचीस? कधी विचारलंच नाही मी हे तुला.

मेसेज केला: ठीक आहेस ना? उत्तर नाही.

फोन करू? तिने नको म्हटलंय. तो वर वाजला आणि ती दचकली तर? मेधा, काय करू गं? एकदा तरी सांग ना काहीतरी!

परत बाहेर जाऊन आलो. कुंपणाची तार धरली आणि हात कापून घेतला, पॅडवर लागलंय रक्त, असू दे. आता मी मोजून शंभर श्वास घेणार आणि मग तिचं न ऐकता आत जाणार.

आला मेसेज!

"बाबा मी ओके आहे. खाली उतरलेय. नर आहे, मोठा. लगेच गेला. मला वाटलं होतं मला जमेल पण पुढचं एकटीला नाही जमत. तू येशील?"

ती रडतेय, मेधा. अक्षरांवरून कळतं मला.

मी निघालो. तुला एवढंच सांगतो. मी तिथे जाऊन तोंड फिरवणार नाही. ती सांगेल तिथे धरेन, ती म्हणेल तसं ओढेन, आणि तिला रडायचं असेल तितका वेळ तिच्याशेजारी जमिनीवर बसेन. घरी गेल्यावर गॅरेजमधला तो फ्रीझर मी स्वतः पुसून चालू करेन. टाक्यांचं पाणी माझ्याकडे, मी गाडी चालवू शकतो तोवर. आणि पुढच्या वर्षी मी या गाडीत बसणार नाही. मचाणाच्या बुंध्याशी बसेन.

ती वाट बघतेय. जातो.

तुझाच,
सुहास