चूल एक, घरं दोन

सगळ्यांच्या आधी उगवली ती रुपाली, अंगणवाडीतली, जरीची साडी नेसून, जसा काय साखरपुडाच आहे. तिच्यामागून शिवा, जाळी विणणारा. साक्षीला बोलावलंय, तर दोघं नळ सोडून पाण्याचा जोर बघत बसलीत. बघू देत. मी लिहायला घेते.

मी ठमाबाई हरिश्चंद्र भाटकर, वय सत्तर नाहीतर बहात्तर, शाळा तिसरीपर्यंत, राहणार मिरजोळ्याकडची नवी इमारत, खोली नंबर नऊ. डोकं ठिकाणावर आहे. काल माझ्याजवळ राहणाऱ्या मालनने आमटीत दोनदा मीठ घातलं ते मीच पकडलं. कुणी धाक घातलेला नाही. पाय सुजतात, डॉक्टर नुसती मान हलवतात, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

कलम पहिलं, खोलीचं. समुद्राने आमचं घर खाल्लं त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून बंदरामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली राहिले. बावीस पालं होती. माझे मालक तिथेच गेले. गेल्या मार्गशीर्षात ती वस्ती उठवली आणि आम्हाला खोल्या दिल्या. दाराला कडी, आत नळ, खिडकीतून फणसाचं झाड दिसतं. पहिले आठ दिवस मी उगीचच दार लावायची आणि उघडायची. ही खोली मला कुणाला देता येत नाही. माझ्यामागे ती सरकारजमा. तेव्हा माझा मुलगा बाबल्या याने लोट्याच्या कंपनीतून शिफ्ट टाकून धावत येऊ नये. "आये, भाड्यानं देऊया," म्हणत होता. दे बाबा, तुझ्या कंपनीची बस दे भाड्यानं.

कलम दुसरं. मासे कापायची विळी आणि पाटी मालनला. कानातल्या कुड्या नातीला, मनस्वीला. तिने त्या मोडून मोबाईल घेऊ नये. माझी जाऊ हौसा मला "रस्त्यावरची" म्हणाली होती. तिला काही नाही. पण तिला एकदा या खोलीत चहाला बोलवावं आणि दार आतून लावून घ्यावं.

कलम तिसरं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

मालन काशीराम आग्रे ही राजापूरकडची, विधवा, बंदरावर मासे निवडायला आलेली. तिचं पाल माझ्या पालाला लागून. वारा फार आणि लाकडं थोडी, म्हणून दोघींनी मध्ये एकच चूल मांडली. सर्वेवाला आला, म्हणाला, "आजी, चूल एक की वेगळी?" आता आमच्यात चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं. मी छाती काढून सांगितलं, "एकच! सात वर्षं एकच, विचार कुणालाही." मालन मागून म्हणाली, "आमी भांडणाऱ्या बायका न्हाय ओ." त्याने हसून एक कुटुंब लिहिलं. चाव्या वाटल्या त्या दिवशी एकवीस नावं पुकारली, मालनचं नाही.

ती माझ्याकडेच राहते. पण शुक्रवारी खोल्यांच्या ऑफिसातल्या भाविका मॅडम आणि त्यांच्याबरोबर एक साहेब तपासणीला आले. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमच्यानंतर मालनबाईंना इथून जावं लागेल. चौदा नंबर रिकामी आहे. तुम्ही दोन कुटुंबं होता एवढा जबाब द्या, मी त्यांचं नाव घालते." मी तोंड उघडते तोच मालन रडायला लागली. "ठमाबाय, चूल वेगळी सांगशील तर मी जेवणार न्हाय. लोक म्हणतील, दार मिळालं नि म्हातारीनं मला भायेर काढलान." मी जबाब सोडून पदराने तिचे डोळे पुसत बसले. साहेब घड्याळ बघत उठले.

मग मी विचार करत बसले. पालात कोण उपाशी आहे ते धुरावरून कळायचं. इथे दारं लागली की काहीच कळत नाही. उद्या मी नसले तर मालन कुठल्या दारात उभी राहील? ती माझ्यावर रुसली तरी चालेल, पण रुसायला तिला स्वतःची खोली पाहिजे.

म्हणून देवाला स्मरून लिहून देते: आम्ही दोन घरं होतो. तिचं पाल वेगळं, रेशनकार्ड वेगळं, देव वेगळे. सोमवारी, गुरुवारी तिच्या कुळथाचं मडकं वेगळं, माझ्या माशाचं वेगळं. चूल एक होती ती आधी लाकडांपायी, मग मायेपायी. मायेमुळे कुणाची खोली जाऊ नये. मी असो नसो, हा कागद भाविका मॅडमच्या हातात द्यावा. मालनला वाचता येत नाही. तिला वाचून मीच दाखवीन, आणि ती बोलेल ते ऐकून घेईन.

साक्षीदार: रुपाली (सही), शिवा (अंगठा, सही येते, पण हात ओला होता).

लिहून देणार: ठमाबाई हरिश्चंद्र भाटकर.

मुक्काम रत्नागिरी, रविवार, ता. ८ फेब्रुवारी २०२६.

ता.क. मॅडम आणि साहेब येत्या गुरुवारी अकरा वाजता परत येतो म्हणालेत. तोपर्यंत मी मरणार नाही.