पाणी मारून घास

दि. ११, मंगळवार, सकाळचे दहा

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं हजर आहेत. गोड मानून घे.)

तू बरा असशील. मी बरी आहे. पत्रास कारण, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि तो ऐकून घेणारं घरात कुणी उरलेलं नाही. माझ्या न्हाणीघराच्या दिव्याचं बटण दाराच्या मागे गेलं आहे. खरं तर बटण जिथल्या तिथे आहे, दारच त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं. दार पाडलेल्या एका शाळेतलं आहे आणि ते डावीकडेच उघडतं. सुतार म्हणतो, "ताई, त्याला ती सवय लागलीय. या वयात आता मोडायची नाही." तेव्हा आत शिरायचं, दार लावायचं, काळोखात भिंत चाचपायची आणि मग उजेड पाडायचा. तीस वर्षं भल्याभल्यांची टोपी उडवणाऱ्या बाईला एका बटणाने दिवसातून चारदा आंधळी कोशिंबीर खेळायला लावावी, याला काय म्हणायचं?

फोन का नाही केला म्हणशील. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र मात्र वाचशील, कारण तू रद्दीसुद्धा विकण्याआधी वाचून काढतोस.

घराचं काम बहुतेक उरकलं. माझी प्रतिज्ञा तुझ्या कानावर आलीच असेल, मी ती वर्तमानपत्रातल्या माझ्या विनोदी सदरातून सगळ्या गावाला ऐकवली होती: या घरात नवी वस्तू येणार नाही. जे लागेल ते दुसऱ्या कुणाच्या पाडकामातून. त्याप्रमाणे फरशी एका बंद पडलेल्या हॉटेलची, खिडक्या एका बँकेच्या, ओट्याखालच्या फळ्या मालाच्या खोक्यांच्या आणि पाच दारं शाळेची. येणारे-जाणारे म्हणतात, किती हिरवा विचार! मी म्हणते, हे घर नाही, निवृत्त वस्तूंचा वृद्धाश्रम आहे आणि मी त्याची अधीक्षक.

तुझी लेक मजेत आहे. कामावर जाताना तुझ्या नातीला, मुंगीला, माझ्याकडे टाकते, संध्याकाळी उचलते. मुंगीही मजेत. म्हणजे आहे. जेवण जरा कमी झालंय, किरकिर करते, पोट साफ होत नाही. दीड वर्षाचं पोर, दात येत असतील.

बाकी सर्व ठीक.

बुधवार, दुपार

कालचं पत्र पाकिटात घालण्याआधी वाचलं. बटणावर बारा ओळी आणि मुंगीवर चार. माझ्या लिखाणाला तू पहिल्यापासून म्हणायचास, "तुला जे सांगायचं असतं, ते सोडून बाकीचं तू फार छान सांगतेस." लागलं होतं तेव्हा मला. आता ते सोडलेलं सांगते.

दारांवर रंगाचे थर होते. वर हिरवा, खाली निळा, खाली पिवळट, तळाशी लाल. हल्ली अशी टूम आहे की सगळा रंग काढायचा नाही, अर्धवट घासायचा, म्हणजे थर दिसतात आणि पाहुण्यांना त्यात इतिहास दिसतो. मी घासायचं मशीन भाड्याने आणलं. मधल्या खोलीत, कोरडं, नऊ दिवस. तू रंगारी माणूस, तुझा हात इथेच थांबला असेल.

मुंगी पलीकडच्या खोलीत खेळायची. मध्ये पडदा होता. पडदा, दादा! शिवाय दिसला पडदा की ओढ, असा तिचा स्वभाव. पिठासारखी बारीक पूड घरभर बसायची. मी केरसुणीने झाडायची, ती उडायची, पुन्हा बसायची. मुंगी फरशीवर बोटाने रेघा ओढायची आणि बोट तोंडात घालायची. जमिनीवरचं काहीही उचलून तोंडात घालते म्हणून तर तूच तिचं नाव मुंगी ठेवलंस.

एक दिवस बोट चाटून माझ्याकडे बघून म्हणाली, "गो." तिच्या भाषेत गोड.

मला एवढं हसू आलं की मी त्यावर लेख लिहिला. शेवटचं वाक्य होतं, 'आमच्या घरात इतिहास चवीलाही गोड लागतो.' वाचकांची पत्रं आली. कात्रण मी फ्रिजवर चिकटवलं. आज सकाळी ते काढायला गेले, तर निम्मं फ्रिजलाच राहिलं. 'गोड लागतो' एवढंच राहिलंय. नखाने खरवडतेय, निघत नाही.

काम सुरू होण्याआधी तुझ्या लेकीने एक पुडकं आणून दिलं होतं. "बाबांनी दिलंय. उघडून बघ म्हणाले." मी ते कपाटावर टाकलं. का, ते तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मी 'मावळतं मनगट' लिहिलं. काम दिसलं की ज्याचं मनगट लुळं पडतं अशा एका रंगाऱ्यावर. नाव घातलं नव्हतं, पण तुला कोण ओळखत नाही? कामावर पोरं तुला 'मावळत्या' म्हणून हाक मारू लागली, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, पुडक्यात ते कात्रणच असेल, माझ्या तोंडावर परत मारलेलं.

गेल्या शनिवारी पाचव्या दारावर मशीनचा कागद संपला. पुडकं हाताला पॉलिश पेपरसारखं लागलं होतं, ते आठवलं. स्टुलावर चढून काढलं. आत बारा वॉटर पेपर, तुझा तो दोन गाळण्यांचा रबरी मास्क आणि चिठ्ठी. अक्षर प्रत्येक ओळीच्या शेवटी खाली घसरलेलं:

'जुना रंग कोरडा घासू नको. पाणी मारून घास. मास्क लाव. काम आणि पुसणं होईतो पोरीला त्या घरात आणू नको. जुन्या रंगात शिसं असतं. मी मनगट देऊन शिकलो. मास्क परत पाठव, चांगला एकच आहे.'

मी स्टुलावरच बसले. शेजारच्या खोलीतून मुंगी भांडी आपटत होती. ते आपटणं थांबलं की मी धावत जाऊन तिचं तोंड उघडून बघायची. तेव्हापासून मशीन बंद आहे आणि मुंगीला मी अंगणातच खेळवते.

गुरुवार, सकाळ

अजून एक सोडलंय.

सोमवारी मी मुंगीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. तुझ्या लेकीला सांगितलं, "फिकट दिसते, हिमोग्लोबिन बघू." ती म्हणाली, "बघ ना, आत्या. तुझ्यामुळे मला केवढा आधार आहे गं." हे वाक्य मी तीन दिवस घोटभर पाण्याबरोबर गिळतेय, खाली उतरत नाही.

डॉक्टरांना खरं सांगितलं. ते तरुण आहेत, माझे लेख वाचतात. एरवी हसतात, त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, "त्या रंगाची चव गोडसर असते. म्हणून मुलं पुन्हा पुन्हा चाटतात." मुंगीचा दंड माझ्या दोन बोटांत मावतो. सुई गेली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, सुईकडे नाही. रिपोर्ट उद्या.

तिला आठ शब्द येतात. आई, आबा (ते तू), दे, नको, भू, गो, टाटा आणि माझ्यासाठी 'त्या'. मी सकाळपासून ते मोजतेय, कुणी चोरून नेत नाही ना म्हणून. डॉक्टरांना विचारलं, डोक्यावर काही परिणाम? "आत्ताच सांगता येत नाही. बोलणं, शिकणं, बघत राहायचं." किती दिवस? "वर्षं," ते म्हणाले.

दादा, मला भीती वाटते. याच्यापुढे एखादी कोटी सुचली असती, तर खरं सांगते, लिहिली असती.

शनिवार, दुपार

शिशाचा आकडा अठरा आला. पाचाच्या आत हवा असतो. पंचेचाळीसच्या वर गेला तर इस्पितळात ठेवून औषध देतात. आपला मधला आहे. औषध नाही. पूड असलेल्या घरापासून लांब ठेवायचं, लोह आणि कॅल्शियम द्यायचं, महिन्याने पुन्हा रक्त. डॉक्टर म्हणाले, "आईला मी फोन करतो." मी म्हटलं, "नको. माझं मी सांगते."

काल संध्याकाळी तुझी लेक आली. दारातूनच म्हणाली, "काय आत्या, दूध उतू गेल्यासारखा चेहरा केलायस."

मी एक लांबलचक वाक्य पाठ केलं होतं. ते आलंच नाही. "मुंगीच्या रक्तात शिसं आहे. माझ्या दारांचं."

"म्हणजे?"

"मी घासलं, ते तिच्या पोटात गेलं. तुझ्या बाबांनी आधीच लिहून पाठवलं होतं. मी पुडकं उघडलं नाही."

"मग सोमवारी रक्त काढलं, ते..."

"याचंच."

"तू हिमोग्लोबिन म्हणालीस."

"खोटं बोलले."

ती ओरडेल म्हणून मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. मुंगीला बूट घातले, उजव्याचा डावा झाला, तरी तसेच राहू दिले. मी तिची झबली, टॉवेल, कापडी ससा गोळा करायला लागले. "राहू दे, आत्या," ती म्हणाली. "इथलं काही नको."

फाटकातून मुंगीने हात हलवला. "टाटा, त्या." आठातले दोन.

सोमवार, सकाळ

आता कामाचं.

माझ्याकडे येऊ नकोस. लेकीकडे जा. मुंगी इथून रोज केसांत, कपड्यांत ती पूड घेऊन गेलीय. कोरडा झाडू लावायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं दर वेळी वेगळं धुवायचं, हे तिला तू सांगितलंस तर ती ऐकेल. माझा फोन ती उचलत नाही. आपल्या घराण्यात ती पद्धतच पडली म्हणायची.

तूही रक्त तपासून घे. तुझ्या मनगटाचं मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, वर्षानुवर्षं जुना रंग खरवडणाऱ्यांचं मनगट असंच लुळं पडतं, पोटात कळाही येतात. तुझ्या पोटदुखीवर मी आणखी एक लेख लिहिणार होते, दादा. टिपणं तयार होती.

माझंही रक्त दिलंय. त्याची काळजी नाही.

दारं सुताराने उतरवली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या खोलीत ठेवलीत. ज्या भंगारवाल्याकडून आणली तो परत घ्यायला एका पायावर तयार आहे. "ताई, उद्याच गिऱ्हाईक आहे. शहरातलं जोडपं, लहान बाळ आहे त्यांना." मी नाही म्हटलं. दारांचा दोष नाही, शंभर वर्षं उभी होती बिचारी, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. घासणारा हात मूर्ख निघाला. पाचवं दार अजून अर्धं आहे. त्याचा उरलेला रंग कसा काढायचा हे तू सांगशील तेव्हाच, पाणी मारून.

सदर लिहिलं. या आठवड्यात छापून येईल. मनगट कुणाचं होतं, का मावळलं होतं आणि गोड काय लागलं होतं, सगळं आहे त्यात. संपादकांचा फोन आला, "बाई, यात विनोद कुठाय?" म्हटलं, नाहीये.

न्हाणीघराचं बटण आता सापडतं. दार नाहीच ना. पडदा लावलाय, ओला करून.

सोबत तुझा मास्क. धुतलाय, सावलीत वाळवलाय, सैल झालेला पट्टा बदललाय. गाळण्या जुन्या होत्या, म्हणून दोन्ही दुकानातून नव्या आणून बसवल्या. या घरात वर्षभरात विकत आलेली ही पहिली नवी वस्तू आहे.

मिळाला की कळव. नाही कळवलंस तरी चालेल, पण लाव.

तुझी,
पुडकं उशिरा उघडणारी धाकटी