ओढा कुठून पाहायचा

सोलापूर, रविवार, वैशाख

आज फार थकलो. उन्हानं की त्या ओढ्यानं, कोण जाणे.

माझ्या लेकीनं, मंजूनं, आमची तिसरीतली ओढ्याची कविता कॉम्प्युटरवर सिनेमासारखी केलीय. उद्या कामावर द्यायचीय. संध्याकाळी दाखवली. कॅमेरा आभाळातून घारीसारखा उतरतो, बाभळीतून आरपार जातो, पानसुद्धा हलत नाही. सुंदरच. पण मला काहीच झालं नाही. एरवी ही कविता म्हणताना मी थेट ओढ्याकाठी जाऊन बसतो. आज का नाही?

"छान आहे," म्हणालो.

"अण्णा, तुमचं छान मला कळतं की. बोला."

तिचे डोळे लाल झालेले. बोलावं का? बोललो तर पुन्हा जागरण तिला. तरी तोंडून गेलंच, "यात मी कुठं बसलोय गं?"

तिनं पुन्हा एकदा सुरुवातीपासून लावून पाहिलं. मग म्हणाली, "खरा कॅमेरा असता, तर तो घेऊन कुणीतरी काठावर बसलं असतं. माझा नुसताच उडतोय." तिनं कॅमेरा खाली आणला, काठावर बसलेल्या पोराच्या डोळ्यांइतका. आता बाभळीची फांदी आडवी आली, ओढा अर्धा झाकला.

"फांदी काढू?"

"राहू दे."

"अण्णा, मान वाकडी करून बघताय की!"

खरंच की. आणि बसलोयही काठावरच.

आता ती सगळं पुन्हा करायला बसलीय. माझ्यामुळं. गप्प बसलो असतो तर पोर झोपली असती. "तुम्ही पडा," म्हणाली. पडवत नाही. मघाशी तिच्यापुढं चहा ठेवायला गेलो, तर तीही मान वाकडी करूनच बघत होती.