मिनिटभरातल्या भाज्या

निपाणी

तीर्थरूप आक्कास, धाकट्या श्रीपालचा पाया पडून जय जिनेंद्र.

तुझे गुडघे, दाजींची शुगर आणि खडेबाजारातल्या तुमच्या घराचा जिना हे तिन्ही आहेत त्याहून अधिक चढले नसतील अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे पद्मावती ठीक आहे. इथून पुढचं क्षमा कॉलेजला गेल्यावर वाच. फोनच केला असता, पण तुझा फोन तुझी लेक उचलते, आणि हल्ली तिचा आवाज ऐकला की मी फोन ठेवून देतो.

क्षमा सायकॉलॉजीला गेली तेव्हा 'पोरगी वेड्यांची डॉक्टर झाली, आता स्थळं कशी येणार' म्हणून सगळ्या नातेवाइकांनी सुतक धरलं होतं आणि तिची बाजू घेणारा मी एकटा होतो, हे तुझ्या लक्षात असेल. (तू रडत होतीस, त्यामुळे नसेलही.) धारवाडला जाऊन तिने डॉक्टरेट केली, प्राध्यापक झाली, आणि चाळिशीनंतर माणसाचं मन कसकसं बदलत म्हातारं होतं हा विषय धरला. मला विषय पटला नव्हता. चाळिशीनंतर मी काहीच बदललेलो नाही. शर्टाचा शिंपीसुद्धा तोच आहे. तरी निपाणीतली माणसं तपासायला ती आली तेव्हा पहिलं नाव मी माझं दिलं, दुसरं पद्मावतीचं. कुठल्याही कोर्सला न जाता, नुसते उघडून बघून मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायला शिकलो; तंबाखूच्या वखारींतले काटे माझ्या हातून जातात. असलं डोकं शास्त्राच्या उपयोगी पडावं, एवढाच हेतू.

ती सोप्यात बसली आणि म्हणाली, "मामा, हीच माणसं मी पाच वर्षांनी परत तपासणार, तुम्ही आहात तोवर." (निपाणीत आहात तोवर, असं मागाहून म्हणाली. मागाहून सांगितलेलं मी धरत नाही.) आकडे झाले, चित्रं झाली, कुठं अडलो नाही. मग म्हणाली, एका मिनिटात आठवतील तेवढ्या भाज्यांची नावं सांगा.

आक्का, चार वर्षांपूर्वी मुनिमहाराजांसमोर मी आणि पद्मावतीने कंदमुळांचा जन्माचा त्याग केलाय, आणि चातुर्मासात पालेभाजीही बंद. व्रत खाण्याचं हे खरं, पण जे जिभेवर ठेवायचं नाही त्याचं नाव तरी जिभेवर कशाला, असा मी त्याचा बारकाईने अर्थ लावलेला आहे. दोडका, दुधी, भेंडी, पडवळ, कारलं इथवर सुरळीत गेलो. पुढे डोळ्यांसमोर आठवड्याचा बाजार उभा राहिला, आणि बघावं तिथं बायका कांदे, बटाटे, मुळे, गाजरं, रताळी मांडून बसलेल्या. (लिहायला हरकत नाही, महाराज लेखणीबद्दल काही बोलले नव्हते.) पलीकडे मेथी, पोकळा, चाकवत. मी मान खाली घालून, कुठं गवार दिसते का बघत चालत राहिलो, तेवढ्यात तिचं घड्याळ वाजलं.

क्षमा हसली आणि म्हणाली, "छान, मामा."

काटा दुरुस्तीच्या पलीकडे गेला की मीसुद्धा गिऱ्हाइकाला हसून 'छान आहे, चालवा अजून थोडे दिवस' असंच सांगतो. तेव्हापासून चष्मा सापडला नाही की वाटतं, झालं, सुरू झालं. परवा काट्याचा स्क्रू दातांत धरून तोच टेबलाखाली शोधत होतो. आंघोळ करताना भाज्या म्हणतो, दुकानात म्हणतो. शेजारच्या आण्णाप्पाने तर गावभर केलंय, "श्रीपालनं नवा मंत्र घेतलाय, दोडक्यापासनं सुरू हुतोय."

तूही हसशील. पण आप्पांचं शेवटी काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय. मी पाणी घेऊन गेलो तर मला म्हणाले होते, "बसा की, तुम्ही कुणाच्या घरचे?" जन्मभर अरे-तुरे करणारा बाप मानाने बोलायला लागला. त्या मानाची मला भीती वाटते, आक्का. तेव्हा त्यांचं वय काय होतं ते मी मुद्दाम मोजत नाही.

बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा
श्रीपाल

ता. क. मुद्दा राहिलाच. क्षमा म्हणते, कुणाचा निकाल कुणाला सांगायचा नसतो. पण तू आई आहेस. जेवायला वाढता वाढता, सहज, "मामाचं डोकं कसं आहे गं" एवढं विचार. शिवाय तिला सांग, तेल मोजायच्या आधी भांड्याचा धडा करतात, भांड्याचं वजन काढून टाकतात. तसं माझं व्रत काढून मग मला मोज. नाहीतर चातुर्मास संपल्यावर परत घे, मेथीपुरता तरी सुटेन.

आणखी ता. क. पत्र पद्मावतीने वाचलं. (मी दिलं नव्हतं.) म्हणाली, "अवो, बाजारातलं समदं आठवतंय की तुमाला. इसरलेला माणूस रताळ्यापतूर जातोय व्हय? डोस्क्याला काय झालं न्हाय, तोंडाला कुलूप हाय." आक्का, इतक्या दिवसांनी छातीवरचा दगड हलला. त्या भरात विचारलं, तुझी परीक्षा कशी गेली? म्हणाली, "लई सोपी. कांदा, पांढरा कांदा, कांद्याची पात, बटाटा, लसूण... घड्याळ वाजलं तरी माझं सुरूच."

तेव्हा क्षमाला काही विचारू नकोस. एवढंच कळव: गेल्या दिवाळीत पद्मावती तुमच्याकडे राहिली होती, तेव्हा तिच्या ताटात कांदा होता काय? उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाक. होता असेल तर टाकू नकोस; मी हे विचारल्याचंच विसरलोय असं समज.