पीठ जिथे थांबलं

आई, ते पुस्तक काल परत घरी आलं. तुझं पीठवालं. लायब्ररीवाल्या काकांनी जुनी पुस्तकं काढायला घेतलीत, म्हणून मला बोलावलं होतं. मी शिडीवर, ते खाली खुर्चीत बसून हुकूम सोडतायत, आणि मध्येच त्यांनी ते उचलून माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "हे घेऊन जा. कुणी नेत नाही. उघडलं की मांडीवर पीठ पडतं." मी म्हटलं, "काका, इतक्या वर्षांत कुठलं पीठ राहतंय, पोरकिड्यांनी संपवलं असेल." तर म्हणाले, "मग पोरकिडे पडत असतील. तुम्हा लोकांकडून आणखी काय येणार." आता ते माझ्यासमोर आहे, आणि मला आठवलं की तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. म्हणून लिहायला बसलो. माझं अक्षर तुला माहितीय, सांभाळून घे. केबल टाकून टाकून हात अजूनच बिघडलाय. हो, मी आता लोकांच्या घरी नेट बसवतो. दिवसभर विश्रांतवाडीतल्या गच्च्यांवर असतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, लहानपणी गच्चीवरून खाली उतरवायला ओरडावं लागायचं, आता त्याचेच पैसे मिळतात.

तू वाचायचीस कशी ते आठवतं मला. ओट्यावर पुस्तक उभं, मागे पोळ्यांच्या डब्याचा टेकू, पान उलटू नये म्हणून वर सांडशी. पोळी तव्यावर टाकली की ती फुगेपर्यंत एक परिच्छेद. पान उलटायला जातेस तोच पुढची पोळी लाटायची वेळ, मग तेच पिठाचं बोट पानाला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तुझं पांढरं बोट असायचं. काका तुला म्हणायचे, "वहिनी, तुमच्याकडचं पुस्तक झटकलं की माझ्या दोन पोळ्या निघतात." तू म्हणायचीस, "मग भाजी तेवढी तुमची तुम्ही करा." एवढीशी ती काकांची एका शटरची लायब्ररी, आळंदी रोडवरून आत वळलं की तिसरी का चौथी गल्ली, दारावर पाटी: चपला बाहेर काढाव्यात, जाताना आपल्याच घालाव्यात. ती पाटी माझ्यामुळे लागली हे तुला माहितीच आहे. दुसरी पाटी पण माझ्यामुळेच लागली. ती तर नावानिशी होती, या मुलास पुस्तक मिळणार नाही.

काय केलं होतं मी? रहस्यकथांच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने खुनी कोण ते लिहून ठेवायचो. डॉक्टरनेच मारलं. माळ्यावर विश्वास ठेवू नका. वाचायचो नाही हं एकही, शेवटची दोन पानं बघायचो फक्त, शाळेत गाईडं बघायचो तसंच. अख्ख्या गल्लीचा रविवार खराब केला मी. काकांनी पाटी लावली, बाबांनी फटके दिले, आणि तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं सुटलो. त्या शनिवारी टीव्हीवर पिक्चर लागलाय, मी सतरंजीवर पालथा पडून डोळे फाडून बघतोय, आणि तू स्वयंपाकघरातून हात पुसत आलीस, शांतपणे म्हणालीस, "हिरोचा थोरला भाऊच व्हिलन आहे," आणि परत आत गेलीस. मी एवढा भडकलो होतो. जेवताना तू वाढता वाढता म्हणालीस, "कसं वाटलं? दुसऱ्याला शेवट सांगू नये. ज्याला त्याला चालत जाऊ दे तिथपर्यंत." आणि वर तूप वाढलंस. तुझं हे असंच असायचं. आधी लावून बोलायचीस, मग तूप.

हे शेवटचं पुस्तक तू आणलंस तेव्हा मी बारावीत होतो. मी विचारलं, काय आहे यात. तू म्हणालीस, "एक मुलगी आहे, तुझ्याच वयाची. तिचा भाऊ बुडून जातो. मग ती काही करतच नाही. जेवत नाही, बोलत नाही, खिडकीत बसून राहते नुसती." मी म्हटलं, "आणि हे तू हौसेनं वाचतेस?" पोळी उलटत म्हणालीस, "उठते का बघायचंय." मग तुला ताप आला. दोन दिवस अंगावर काढलास, मग ॲडमिट केलं. तिथे सलाईन लावलेल्या हाताने मला जवळ बोलावलंस, मला वाटलं काहीतरी महत्त्वाचं सांगणार, आणि म्हणालीस, "उद्या पुस्तक आण. खिडकीतच बसलीय अजून ती." मी आणलं. पिशवीत घालून, मोसंब्यांच्या खाली. पिशवीतून ते बाहेर काढायची वेळच आली नाही.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो, आणि हे सांगताना जरा हळू लिहितोय. मी आडवा झालो. म्हणजे खरोखरच. भिंतीकडे तोंड करून. आधी सगळे म्हणाले, झोपू दे त्याला, दमलाय. मग दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे गेले, तरी मी तिथेच. आंघोळ नाही, कॉलेज नाही, परीक्षा आली आणि गेली. मित्र यायचे, फोन दाखवायचे, मी हसायचो पण नाही. तेच घाबरले, कारण मी हसत नाही म्हटल्यावर हा नक्कीच काहीतरी डाव असणार असं त्यांना वाटायचं. डाव नव्हता. मला मरायचं होतं असं नाही म्हणता येणार, पण उठून जगायचं ते कशाला, हे आठवतच नव्हतं. असं वाटायचं की असंच पडून राहिलो तर हळूहळू आपोआप संपेल, आणि बरंच होईल. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना काय सांगणार, ते स्वतःच ड्यूटीवरून यायचे, कंडक्टरची पिशवी खुंटीला अडकवायचे आणि खुंटीकडेच बघत बसायचे.

एक दिवस त्यांनी ती हॉस्पिटलची पिशवी रिकामी केली. वाळलेली मोसंबी फेकली आणि पुस्तक माझ्या पाठीवर ठेवलं. म्हणाले, "आरं, एवढं देऊन ये. तिचं राह्यलंय." मी हललो नाही. ते पण हलले नाहीत. पुस्तक पाठीवर तसंच. शेवटी मला तिथे खाज यायला लागली म्हणून उठलो. तुला खोटं वाटेल, पण कित्येक आठवड्यांनी मी घराबाहेर पडलो ते खाजेमुळे.

काकांनी मला पाहिलं. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. वाईट झालं वगैरे काही म्हणाले नाहीत. पुस्तक हातात घेतलं आणि विचारलं, "शेवट काय?" मी म्हटलं, "म्हणजे?" म्हणाले, "तू गल्लीभर फुकट शेवट सांगत हिंडायचास. आता ह्याचा सांग, मग घेतो." मला तिथे उभं पण राहायचं नव्हतं, मी म्हटलं, "मरते ती मुलगी." काका म्हणाले, "का?" मी म्हटलं, "दुसरं काय करणार." त्यांनी पुस्तक उघडलं, एकेक पान उलटत गेले, कोपऱ्यावर अंगठा फिरवत, आणि एका जागी थांबले. मला दाखवलं. डाव्या पानावर तुझं बोट होतं. उजव्यावर नव्हतं. पुढच्यावर नव्हतं, त्याच्या पुढच्यावरही नव्हतं, पार शेवटपर्यंत पानं कोरी. म्हणाले, "वहिनींचं पीठ इथे थांबलंय. आणि तुझा वडापावचा हात एकाही पानाला लागलेला नाही. थापा नंतर मार. वाचून ये. आणि रोज येऊन मला सांग, कुठपर्यंत आलास ते." मी म्हटलं, "आणि नाही वाचलं तर?" "तर पुस्तक माझं आणि खाज तुझी." खाजेचं त्यांना कसं कळलं, मला आजवर कळलं नाही. मी खाजवत असणार.

वाचायला लागलो ते चिडून. एवढं हळू वाचतो मी की ओळीखाली बोट ठेवावं लागतं. आणि ती बया उठेचना. पानंच्या पानं खिडकीत. मी मोठ्याने वाचून तिची टर उडवायला लागलो, एकटाच, आमच्या त्या खोलीत. वाचता वाचता थांबलो की आतून बाबांचा आवाज, "मग? बोलली का न्हाई ती?" मी म्हटलं, नाही अजून. "मग वाच की पुढं." असं करत करत मी पुस्तक घेऊन ओट्यापाशी जाऊन बसायला लागलो. बाबा पोळ्या लाटायचे. पोळ्या कसल्या, जिल्ह्यांचे नकाशे. एकदा तर स्पष्ट सातारा होता. मी वाचतोय आणि ते मध्येच म्हणतात, "त्या पोरीला घरातलं कुणी काम का सांगत न्हाई?" मी म्हटलं, "बाबा, तिला दुःख झालंय." ते लाटता लाटताच म्हणाले, "आणि मी काय सहलीला आलोय व्हय हितं?"

आई, मी त्यांच्याकडे पाहिलं. तोपर्यंत पाहिलंच नव्हतं. तुझा ॲप्रन होता त्यांच्या अंगावर, तो फुलांचा, पाठीमागे गाठ बसत नव्हती म्हणून चिमटा लावलेला. दाढी त्यांची पण वाढली होती. आणि मला हसू आलं. आधी सातारा बघून आलं, मग चिमटा बघून, आणि मग थांबेना, आणि त्यात मध्येच रडायला लागलो, कुठलं कधी सुरू झालं ते मलाही कळलं नाही. बाबा म्हणाले, "ऊठ. पलट ती पोळी, करपतीय." मी उठलो. पलटली. हात भाजला. पडून राहिलं तर बरंच होईल असं मला वाटत होतं, ते मी त्यांना तिथेच सांगितलं, तव्याकडे बघत. त्यांनी गॅस बंद केला. म्हणाले, "मला बी वाटायचं. पर ड्यूटी सकाळची आस्ती." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, पिठाचा, आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. गोळ्या होत्या थोडे दिवस. दोघांनाही. कुणी विसरलं की दुसरा शिव्या घालायचा.

रोज काकांकडे जायचो. ते पुस्तकावरचं काही विचारायचे नाहीत फारसं, कोपरे बघायचे फक्त. पुढच्या पानांवर आता बाबांची बोटं होती, कारण मी दमलो की ते हातातून ओढून घ्यायचे आणि स्वतः वाचायचे, स्टॉपची नावं पुकारावीत तसे. शेवटी संपलं. मी आंघोळ करून, दाढी करून गेलो. काकांनी पार शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. "हे पीठ कुणाचं?" म्हटलं, बाबांचं. "जाड आहे." म्हटलं, पोळ्या पण तशाच असतात. मग त्यांनी पुस्तक मिटलं. "हं. शेवट काय?" मी तोंड उघडलं आणि मला तूपच आठवलं एकदम. मी विचारलं, "काका, तुम्ही वाचलंय हे?" म्हणाले, "नाही." "मग नाही सांगणार." त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. उठले, दारावरची माझ्या नावाची पाटी काढली, आणि बराच वेळ फडक्याने पुसत बसले. काढून टाकायची पाटी कोण पुसतं, सांग.

तर आता आम्ही बरे आहोत. बाबांच्या पोळ्या आता गोल होतात, त्यामुळे जेवताना मजा कमी झालीय. ते स्वतः जाऊन पुस्तकं आणतात आणि आधी पहिलं पान उघडून मी काही लिहिलंय का ते बघतात. मी कधीकधी लिहितो, पण खोटं. माळ्याने मारलं, असं. पुस्तकात माळीच नसतो. ते शेवटपर्यंत माळ्याची वाट बघतात.

आणि तुला सांगायचं राहिलं होतं ते हे, की ती खिडकीतली मुलगी शेवटी उठते का. त्यासाठीच सगळं लिहायला घेतलं. तू विचारलं होतंस, मी आणतो म्हणालो होतो, आणि मोसंब्यांखालून काढलंच नव्हतं. पण तुझं बोट जिथे थांबलंय ते पान उघडून बसलोय, आणि तू काय म्हणशील तेही माहितीय. हा कागद तिथेच ठेवतो, तुझ्या आणि बाबांच्या पिठाच्या मध्ये. तिथून पुढे तुझी तू ये. एकच कबूल करतो, वरती मी दोन ओळींत शेवट लिहिला होता. त्या खोडल्यात. चांगल्या काळ्याकुट्ट गिरवल्यात, कारण मला माहितीय, तू कागद उजेडात धरून बघशील.