बाबा जोधपूरला थांबणार आहेत

बदनापूर, डिसेंबर १९९६

पुंजारामभाऊ,

धावड्याचा कडूबा ट्रक घेऊन जैसलमेरला गेल्ता. किल्ल्याखालच्या एका हॉटेलात तू चहा देताना त्याला दिसलास. बाबांनी तुला घरातून हाकललं, त्यानंतर चार वर्षांनी आलेली ही तुझी पहिलीच खबर.

मला शाळेची सुट्टी आहे, म्हणून मी आणि आईनं निघायचं ठरवलं. बाबांना सांगितलं, जोधपूर, बिकानेर, जैसलमेर फिरायला जातोय. पाठीवर मावेल एवढंच सामान, स्लीपरचा प्रवास, साध्या लॉजवर मुक्काम. मी नकाशावर बोट ठेवून किल्ल्यांची माहिती सांगत राहिले. मला मात्र सारखी धास्ती वाटते, तू तिथून हललास तर? आम्हाला दारातूनच परत जा म्हणालास तर?

काल बाबा म्हणाले, "कडूबानं मला आधीच सांगितलंय. माझं बी तिकीट काढ."

मी म्हटलं, "तुम्हाला बघून तो निघून जाईल."

"म्हणून मी जोधपूरलाच थांबतो. तुमी दोघी पुढं जा. त्यानं बोलावलं तर येतो, न्हाई तर तिथूनच माघारी."

मंग तिसरं तिकीटही काढलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही, तुझ्या हातातच देईन. ते आमच्याआधी पोचलं तर तू ती जागा सोडशील. जोधपूरच्या लॉजचा फोन नंबर मी पाठ करून राह्यले.

तुझी धाकटी बहीण,
बेबीनंदा